कपाटाची किल्ली मागा

(नरसी नामदेव इथं हायस्कूलच्या मुलामुलींपुढं केलेलं भाषण)



नरसी म्हटलं की लोक हात जोडतात. संत नामदेवांचं गाव. जोडू द्या. मी तुमच्यापुढं एक सवाल घेऊन आलोय. परंपरेनं ज्याचा जन्म 1270 सालचा सांगतात, तो कयाधूकाठचा शिंप्याचा पोरगा. त्याची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1604 साली आदिग्रंथाची संहिता तयार झाली, तिच्यात ती गेली आणि आजतागायत रोज म्हटली जातात. 2015 साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमान गावी भरलं, ते याच माणसाच्या नावावर. कात्री-सुईवाल्याचा शब्द इतक्या लांब गेला, इतकी शतकं टिकला. कशाच्या जोरावर? कुणीतरी तो लिहून ठेवला म्हणून.

आता त्याच्याच सोबतीचा चोखोबा बघा. महार. म्हणून देवळाबाहेर. पंढरपूरचं दार अस्पृश्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. सहाशे वर्षं दार लावून ठेवलं! पण चोखोबाचे अभंग पायरीशी थांबले नाहीत. ते वह्यांत शिरले, गाथ्यांत शिरले. देवळाचं दार अडवता आलं, वहीचं आलं नाही.

आता देऊळ सोडा, शाळेकडं या. खेड्यापाड्यातल्या हायस्कुलात बहुतेक ठिकाणी एक लोखंडी कपाट असतं. हेडमास्तरांच्या खोलीत, नाहीतर शिक्षकांच्या. त्याला कुलूप. लहान शाळेला ग्रंथपाल मिळत नाही, मग एखाद्या सरांच्या गळ्यात तो चार्ज पडतो. पुस्तक हरवलं तर भरपाई त्यांच्या खिशातून जाईल ही धास्ती. म्हणून कुलूप. सर वाईट नसतात, रीत वाईट असते. तपासणीला साहेब आला की कपाट उघडतं, धूळ झटकली जाते, साहेब गेला की बंद. 1931 साली रंगनाथन नावाच्या ग्रंथपालानं ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तुम्ही मागत नाही तोवर तो नियम कागदावरच राहणार.

मागायला लाज वाटते? मग मुक्ता साळवेची गोष्ट ऐका. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मांगाची पोर. वय तुमच्याएवढंच. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, मांग-महारांच्या दुःखावर. तिनं रोखठोक विचारलं की वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचीसुद्धा बंदी, मग आमचा धर्म कोणता, आमचं पुस्तक कोणतं? तिला बक्षीस म्हणून खाऊ द्यायला लागले तेव्हा तिनं खाऊ नको, ग्रंथालय द्या असं सांगितलं, अशी आठवण सांगतात. खाऊ संपतो हे त्या पोरीला कळलं होतं. आपल्याला अजून कळायचंय.

आता मुद्द्याचं बोलतो. माझं म्हणणं एवढंच की, कपाट सगळं वाचून काढा. सगळं. वरच्या कप्प्याच्या डाव्या टोकापासून खालच्या कप्प्याच्या उजव्या टोकापर्यंत.

कुणी म्हणेल, सगळं कशाला? आवडेल ते वाचू. पण आवड तरी कुणी लावली? गाईडात उत्तर तयार असतं. तोच प्रश्न का विचारला, ते गाईड सांगत नाही. मोबाईल तुम्हाला काल जे बघितलं त्याच्याच भावकीतलं आज दाखवतो. कपाटाला तुमची जात, तुमची आवड, काही ठाऊक नसतं. त्यात गणिताशेजारी शेती, शेतीशेजारी इतिहास आणि मधेच कुठल्यातरी परदेशी माणसाचं चरित्र.

आणि ज्या कादंबऱ्यांत आपला माणूस फक्त झाडू मारायला नाहीतर जोहार घालायला येतो, त्यासुद्धा वाचा. राग येईल. येऊ द्या. महाडला 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली. पण ज्या बाबासाहेबांच्या पुढाकारानं ती जाळली, त्यांनी ती आधी वाचली होती. न वाचता शिव्या देणं सोपं. वाचून मोडून काढणं अवघड, आणि तेच आपलं काम.

हिशेब करा. आठवड्याला दोन पुस्तकं. वर्षाला शाळेचे चाळीस आठवडे धरा. ऐंशी झाली. आठवी, नववी, दहावी मिळून दोनशे चाळीस. बऱ्याच शाळांच्या कपाटात याहून जास्त नसतात! एखादं पुस्तक डोक्यावरून गेलं तर वीस पानं वाचून ठेवा आणि वर्षानं परत काढा. एक वही करा. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, काय पटलं, काय खोटं वाटलं, एवढंच लिहा. दोघं मिळून एक पुस्तक घ्या आणि भांडा. सरांना सांगा, दर शनिवारी कपाट आम्ही उघडतो, नोंद आम्ही ठेवतो, हरवलं तर आम्ही जबाबदार. सही करून द्या. किल्ली अशी मिळते.

पोरींनो, तुमची अडचण मला ठाऊक आहे. पोरगं पुस्तक घेऊन बसलं की अभ्यास करतंय, पोरगी बसली की कामचुकार! तर स्वयंपाक चालू असताना आईला मोठ्यानं वाचून दाखवा. आई ऐकायला लागली की अर्धी लढाई जिंकलात.

गरिबीचं कारण मला सांगू नका. रामजी सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण टाकून भीमरावाला पुस्तकं आणून दिली. त्याच भीमरावाला शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. एका पुस्तकाची वाट कुठवर गेली ते नागपूरला 1956 साली जगानं बघितलं. अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस बसले. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली आणि 1959 साली 'फकिरा' दिली. त्यांना कपाट नव्हतं. तुम्हाला आहे.

आणि शेवटचा कप्पा वाचून झाला की खरा प्रश्न पुढं येईल. यात माझी आजी कुठाय? ऊसतोडीला गेलेला माझा बाप कुठाय? माझी वस्ती कुठाय? जे सगळं वाचतो त्यालाच काय नाही ते दिसतं. मग यादी करा, मागणी करा. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड 1979 पासून सरकारच छापतंय, ते शाळेत का नाहीत ते विचारा. आणि जे कुठल्याच कपाटात सापडत नाही, ते तुम्ही लिहा. 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, ते असल्याच रिकाम्या जागेतून आलं.

नरसीच्या शिंप्याचा शब्द पंजाबात टिकला. तुमचाही टिकेल. पण आधी उद्या सकाळी प्रार्थना झाली की ऑफिसात जा आणि कपाटाची किल्ली मागा.

जय भीम!