वीस मिनिटांचा रस्ता

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पाळीला निघालेले कामगार, कॉलेजचे विद्यार्थी, कारकून, सगळे सायकलवर. पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली.

मी अजूनही कचेरीला सायकलनेच जातो. अंतर ५ किलोमीटर. ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने २० मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी मोटारीलाही जवळपास तेवढीच लागतात, वर जागा शोधायची ती वेगळीच.

लोक म्हणतात, दमायला होत असेल. दमायला होत नाही, भीती वाटते. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली, तेव्हा कडेला सायकल मार्गही आखले गेले. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. पण कितीतरी ठिकाणी हा मार्ग चौकापाशी तुटतो. मधे कुठे दुचाक्या, कुठे हातगाड्या. मग सायकलवाल्याला बसच्या चाकांशेजारी उतरावं लागतं.

रस्ता चांगला की वाईट, याची माझी कसोटी साधी आहे: शाळकरी मुलीला त्यावरून एकटीला सायकलवर पाठवाल का? सायकल मार्गावर गाडी उभी करण्यापूर्वी एवढा प्रश्न स्वतःला विचारावा.