चुकीच्या सुरावर गायचं नाही

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी स्पेनमधल्या दोन बहिणींची गोष्ट सांगणार आहे. टोन्यी आणि एन्कार्ना सालाझार. दोघी बादाखोसच्या, गितानो म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजाच्या. या समाजाचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघाले. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

या समाजाने काय सोसलं? १७४९ च्या जुलैमध्ये राजाच्या हुकमाने हजारो गितानोंची धरपकड झाली. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये राबवलं. बाया आणि लहान मुलं वेगळी कोंडली. आज स्पेन जो फ्लामेंको अभिमानाने मिरवतो, तो वाढवण्यात याच लोकांचा मोठा वाटा आहे.

सालाझार भावांचा 'लोस चुंगितोस' हा गट प्रसिद्ध होता. बहिणी त्यांच्या मागे कोरसला गात. १९८४ मध्ये दोघींचा स्वतःचा पहिला अल्बम आला. फ्लामेंकोच्या सुरांना डिस्कोचा ठेका. जोडीचं नाव 'अझुकार मोरेनो', म्हणजे तपकिरी साखर. बाईचा रंग आणि बाईची गोडी एकाच नावात विक्रीला मांडलेली! मला ते नाव खटकतं, हेही सांगून टाकते.

५ मे १९९०. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं झाग्रेब शहर. युरोव्हिजन गीतस्पर्धा, २२ देश, सगळीकडे थेट प्रक्षेपण. पहिलाच क्रमांक स्पेनचा, गाणं 'बांदिदो'. संगीत सुरू झालं, पण ध्वनिमुद्रित साथ आणि समोरचा वाद्यवृंद यांचा मेळच बसेना. चूक बहिणींची नव्हती. आपण काय केलं असतं? हसऱ्या चेहऱ्याने कसंबसं रेटलं असतं. या दोघी सरळ मंचावरून निघून गेल्या. थोड्या वेळाने संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोघी परत आल्या आणि दणक्यात गायल्या. ९६ गुण, पाचवा क्रमांक.

ती चित्रफीत पाहताना मला माझी पहिली नोकरी आठवली. एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच लागले होते. एका वस्तीतल्या रेशनकार्ड नसलेल्या बायांची पाहणी मी केली होती. बैठकीत अहवाल वाचायला उभी राहिले, तर टाइप करताना आकडे चुकलेले. निम्म्या बाया यादीतून गायब! मला ते पहिल्याच पानावर कळलं. पण समोर साहेब लोक बसलेले, वेळ थोडा. मी वाचत राहिले. पुढचं काम त्याच यादीवर झालं. नंतर वस्तीतल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, तुला ठाऊक होतं ना? मग थांबली का नाहीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याला लहानपणापासून सांभाळून घ्यायला शिकवलेलं असतं. भाजी खारट झाली, पाहुणे आले, माइक बंद पडला, बाईने निभावून न्यायचं. आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. पण त्याची किंमत कोण मोजतं? माझ्या समजूतदारपणाची किंमत त्या वस्तीतल्या बायांनी मोजली.

मधेच थांबणाऱ्या बाईला लोक नखरेल म्हणतात, हे खरं. दर वेळी पुन्हा सुरुवात करायला मिळेल असंही नाही. म्हणून थांबायची सवय आपण इथे, एकमेकींसमोर करू या. आज गटांमध्ये अहवाल वाचताना चूक दिसली की मोठ्याने म्हणायचं, "थांबा, हे चुकलंय, पुन्हा पहिल्यापासून." आणि बाकीच्यांनी हसायचं नाही, वाट पाहायची.

सुरुवात माझ्यापासून करा. माझं काही चुकलं असेल तर आत्ताच थांबवा.