जवळचा पेपर, दूरचा पेपर



‘आपलं वाचन : इथली आणि परदेशी नियतकालिकं’ असा विषय कार्यकर्त्यांनी मला दिला आहे. परदेशी म्हटलं की डोळ्यांसमोर लंडन, न्यूयॉर्क येतं. जोयड्याच्या माणसाला मात्र परदेश इतका लांब कधीच नव्हता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो कॅसलरॉकच्या पुढे घाटातच सुरू होत होता. स्टेशनावर जकातीची तपासणी, घाट उतरला की कुळे, आणि तिथं पोर्तुगिजांचं राज्य. आपले सोयरे तिकडे, कुळदेव तिकडे, पण पणजीत छापलेला पेपर परदेशी!

त्या पेपरात असे काय? सालाझारच्या सेन्सॉरनं ठेवलं तेवढं. शेजारच्या वाड्यावरून कुणाला धरून नेलं हे गोव्यातल्या माणसाला गोव्याच्या पेपरात वाचायला मिळणं कठीण. ते बेळगाव-मुंबईच्या पेपरात यायचं. उंबऱ्याजवळची बातमी सरहद्दीपलीकडून घ्यावी लागे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये गुप्त रेडिओ सुरू केला तो हीच उणीव भरून काढायला. आधी आंबोलीच्या रानात आणि पुढे आपल्या कॅसलरॉकच्या रानात राहून या दोघांनी सहा वर्षं कोंकणी आणि पोर्तुगीज भाषेतून गोव्याला बातम्या ऐकवल्या. पोर्तुगीज प्रचार खोडून काढायचा तर आधी तो नीट ऐकावा लागतो, वाचावा लागतो. नावडता पेपर बाजूला टाकणाऱ्याला हे काम जमलं नसतं. आपल्या तालुक्यातल्या या गोष्टीची आपल्याच मुलांना फारशी माहिती नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता याची दुसरी बाजू बघा. गोवा मुक्त झाला आणि पाश्चात्त्य पेपरांतून भारतावर टीकेची झोड उठली. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन आपल्याविरुद्ध बोलले. रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून निभावलं. साडेचारशे वर्षांच्या राजवटीखाली माणसं कशी राहिली, हे त्या टीकाकारांपैकी अनेकांना दिसलं नाही. पण एक प्रश्न त्यांनी विचारला : जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या देशानं सैन्य कसं घातलं? विजयाच्या आनंदात हा प्रश्न आपल्याला ऐकायचा नव्हता. तो टोचणारा होता, खोटा नव्हता. राजाजींसारखे लोक तो इथंही विचारत होतेच.

म्हणून कुठला पेपर चांगला, यापेक्षा कुठला पेपर कुठं आंधळा, हे मी आधी बघतो. आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल तो काय लिहितो ते वाचा. तिथं तो किती चुकतो, यावरून न पाहिलेल्या गोष्टीत त्याच्यावर किती विसंबायचं ते कळतं. जवळच्या पेपराची परीक्षा वेगळी. तो काय छापत नाही, ते बघायचं.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. दोन्हीकडे नजर टाकायची सवय मराठी वृत्तपत्राला जन्मापासूनच आहे. आमच्या पिढीला ती ‘सोव्हिएत देश’नं लावली, असं मात्र म्हणवत नाही. त्याच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं फार छान व्हायची, मजकूर किती जणांनी वाचला देव जाणे!

आज आपल्या घरी बेळगावचा ‘तरुण भारत’ येतो. बाबूराव ठाकूरांनी तो १९१९ मध्ये सुरू केला, आणि सीमाभागातल्या घरांत मराठी टिकली त्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, २०१५ पासून त्याला काळीचं नाव आहे. परदेशी मासिकाला आपलं रान म्हणजे वाघ आणि काळा बिबट्या. त्या रानात भातशेती आहे, शाळेला चालत जाणारी पोरं आहेत, हे चित्राच्या कडेला राहतं. शेतात गवे शिरले, बस बंद पडली, हे मराठी पेपर सांगतो. आणि सरकारी नोटीस? ती कन्नडमध्ये येते.

भरपाई घेऊन रानाबाहेर जायचं की राहायचं, हा प्रश्न ज्या घरापुढे आहे त्यानं काय वाचावं? कन्नड नोटीस तर वाचलीच पाहिजे. मुदत तिच्यातच असते. सुपा धरणात गाव गेलेल्यांचं पुढं काय झालं, ते रामनगरला जाऊन विचारावं. सगळं काही छापून येत नाही. आणि आजच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून मसाई गुराख्यांना १९५९ मध्ये प्राण्यांसाठी हलवलं, शेजारी एन्गोरोंगोरोत जागा दिली, आणि आता तिथूनही निघा म्हणतात, हेही वाचावं. हे आपल्याला बेळगावच्या पेपरात सहसा मिळायचं नाही. त्यासाठी परदेशी पेपर लागतो, आणि तो लंडनच्या थाटासाठी नव्हे, आपल्या सातबाऱ्यासाठी लागतो.

रोज वीस मथळे चाळण्यापेक्षा महिन्याला एक परदेशी मासिक पूर्ण वाचा, इंग्रजी अडलं तर नातवाला विचारा. कन्नडचंही तेच. घरातली मुलं कन्नड शाळेत शिकतात. संध्याकाळी कन्नड पेपराचं जिल्हा पान त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यानं मराठी बाटत नाही.

बोलणं लांबलं. आता तुमचे प्रश्न घेऊ. रामनगरच्या मंडळींना शेवटची बस गाठायची आहे, त्यांना आधी बोलू द्या.