ठेवावा कीं सोडावा?

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला. मुळा नदी ओलांडली कीं वाकड आणि पुढें चिंचवड. म्हणजे पिंपरी-चिंचवडकरांच्या दृष्टीनें हें मैदान घरच्या अंगणासारखेंच. त्या अंगणांत हरियाणा स्टीलर्सनें पाटणा पायरेट्सला ३२-२३ असें हरवून विजेतेपद मिळविलें. पुणेरी पलटण पहिल्या सहा संघांतही आली नव्हती. परंतु विजयी संघांत एक खेळाडू असा होता, कीं ज्यानें दहाच महिन्यांपूर्वीं पुण्याकडून खेळून हेंच विजेतेपद जिंकलें होतें. इराणचा बचावपटू महंमदरेझा शादलुई तो हा. त्या हंगामांतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आपण सोडलेला गडी आपल्याच दारांत येऊन चषक घेऊन जातो, हें पाहून कित्येकांस हळहळ वाटली असेल. मात्र सोडणारांनीं चूक केली असें म्हणण्यापूर्वीं त्यांच्यापुढचा हिशेब पाहिला पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावांत पुण्यानें शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतलें. संघानें खेळाडूंवर खर्च करावयाची मर्यादा ५ कोटींची होती. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर रिकामी झाली! तें परवडलें याचें कारण असें, कीं अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे हीं पोरें संघानें नवोदित म्हणून हाताशीं धरून वाढविलेलीं होतीं. नवोदितांवर लिलावांत बोली लागत नाहीं. त्यांचें मानधन ठरीव असतें. दोन कोटींचा पाहुणा घरच्या मुलांच्या माफक मानधनावर पोसला जातो, ही गोष्ट सहसा कोणी उघडपणें बोलत नाहीं. तो हंगाम मात्र सोन्याचा गेला. शादलुईनें पकडींचे ९९ गुण मिळविले. नगर जिल्ह्यांतला अस्लम कर्णधार होता आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणाला २८-२५ असें नमवून पुण्यानें प्रथमच विजेतेपद पटकाविलें. त्या सामन्यांत पंकज मोहितेच्या चढायांनीं पारडें फिरविलें.

नांव झालेला मुलगा पूर्वींच्या दरांत राहत नाहीं. तेव्हां प्रश्न असा पडला, कीं एका मोहऱ्यासाठीं चार-पांच जण लिलावांत जाऊं द्यावे, कीं ते राखून मोहरा सोडावा? पुण्यानें अस्लम, मोहित, पंकज, गौरव खत्री, अबिनेश नादराजन यांस ठेवलें. ऑगस्ट २०२४ मध्यें शादलुई २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला.

हा धडा पुण्यास नवा नव्हता. २०२२ मध्यें फजल अत्राचलीला, तोही इराणचाच, १ कोटी ३८ लाखांस घेऊन कर्णधार केलें. संघ अंतिम फेरींत पोंचला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. पुढच्याच वर्षीं फजलला सोडलें, आणि त्याच्या जागीं आलेल्या शादलुईसह संघ जिंकला. तेव्हां सोडणाऱ्याला कोणी मूर्ख म्हटलें नाहीं.

कोपऱ्याचा गडी गेल्याची उणीव कबड्डींत लपत नाहीं, हें खरें. सात जणांत कोपऱ्यावर उभा असणारा घोटा धरतो, आणि मधले त्याच्या भरवशावर पुढें सरसावतात. त्यांतच हंगामाच्या मध्यावर अस्लमचा गुडघा दुखावला. शादलुईला ठेवलें असतें तरी तो गुडघा बरा झाला नसता. निर्णय त्या दिवशींच्या माहितीवर तोलावा, डिसेंबरांतल्या निकालावर नव्हे. बर्फावरच्या हॉकीसाठीं प्रसिद्ध असलेल्या कॅनडांत १९८८ सालीं एडमंटनच्या संघानें वेन ग्रेट्झ्की हा आपला अलौकिक खेळाडू लॉस एंजलिसला दिला, तेव्हां शहर रडलें. १९९० मध्यें त्याच संघानें त्याच्याशिवाय स्टॅन्ली चषक जिंकला.

राहतां राहिला खेळाडू. पूर्वीं कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखादा कारखाना नोकरी देई; नोकरी पक्की तोंवर संघही पक्का. पैसा थोडा, पण गुडघा गेला तरी पगार चालू राही. शादलुई २०२२ मध्यें पाटण्याचा, २०२३ मध्यें पुण्याचा, २०२४ मध्यें हरियाणाचा, आणि २०२५ मध्यें २ कोटी २३ लाखांस गुजरातचा. त्याला मोबदला तरी भरपूर मिळतो. तळच्या वर्गांत ९ लाखांच्या पायाभूत बोलीवर उभ्या राहणाऱ्याला अशी वणवण कशी परवडावी, याचा विचार चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा तरुण अधिक चांगला करूं शकेल.

२०२५ च्या हंगामांत अस्लम परतला, अजय ठाकूर प्रशिक्षक झाला, आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू पुढें आला. साखळी फेरींत पुणें पहिलें आलें. ३१ ऑक्टोबरला दिल्लींत अंतिम सामना दबंग दिल्लीनें ३१-२८ असा जिंकला. तीन गुण कमी पडले.