लिहिलेलंच घडणार, तर शील कशाला?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या प्रवचनावरून)



आपल्या वस्तीत एक वाक्य आम्ही रोज ऐकतो, "नशिबात होतं, दुसरं काय!" पोरगं नापास झालं, नशीब. नवरा दारू पिऊन मारतो, बाईचं नशीब. हे बोलणं साधं वाटतं, पण त्यामागचा विचार फार जुना आहे.

बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल हे आजीवकांचे आचार्य होते. त्यांचं मत दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात आलेलं आहे. फेकलेला सुताचा गुंडा संपेपर्यंत उलगडतो, तसे शहाणा आणि मूर्ख दोघेही ठरलेले फेरे संपवूनच सुटणार; प्रयत्नाने काही बदलत नाही. हाच नियतिवाद.

अंगुत्तरनिकायात तथागत असल्या मतांना सरळ प्रश्न करतात. सगळंच पूर्वकर्माने किंवा ईश्वरामुळे घडत असेल, तर खुनी आणि चोरही त्यामुळेच तसे झाले का? मग हे करावं, हे करू नये, याला अर्थ काय उरला? पंचशील तरी कशासाठी घ्यायचं?

२००८ साली व्होज आणि स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला स्वतंत्र इच्छाच नसते, असा मजकूर वाचलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त लबाडी केली. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे एक पान वाचून माणूस बिघडतोच असं नाही.

पण पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलेल्या गोष्टीचं काय? 'तुझं हे मागच्या जन्माचं फळ' असं सांगितलं की सोसणारा गप्प बसतो आणि छळणाऱ्याचं मनही त्याला खात नाही. गरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजाने झटकावी, एवढाच या शिकवणीचा उपयोग, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी जन्माने कपाळी मारलेला शिक्का पुसला. तो नशिबाने नाही, निर्धाराने पुसला गेला.

मात्र सगळा दोष एकट्या माणसावर टाकणं हाही धम्म नव्हे. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, प्रत्येक गोष्टीला कारणं असतात. दारूमागे बेकारी असेल, संगत असेल. ती दूर करणं आपल्या सर्वांचं काम. तरी पुढचा पेला उचलायचा की नाही, हे त्याच्या हातात आहेच. कारण आहे, म्हणूनच बदल शक्य आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, बंधूंनो, 'नशीब' हा शब्द तोंडी आला की थांबा आणि विचारा: कारण काय? आणि आपण काय करू शकतो?

नमो बुद्धाय! जयभीम!