जिरवायचे नव्हे, वाहून न्यायचे

नगर जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही. मग खाणकचऱ्याचे ढिगारे सुरक्षितपणे बंद करण्यावरची परिषद इथे कशाला, हा गोवा आणि चंद्रपूरहून आलेल्या पाहुण्यांचा प्रश्न रास्तच आहे. स्वागत समितीचे उत्तर असे की, उतारावरच्या मातीचे आणि पावसाच्या पाण्याचे काय करायचे, हे इथल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी करून दाखवले. समतल चर, नालाबांध, पाणी अडवा-पाणी जिरवा हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे.

मात्र हाच धडा खाणीच्या ढिगाऱ्यावर गिरवला, तर घात होईल.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथला खाणगाळाचा बांध 25 जानेवारी 2019 रोजी फुटला आणि 270 माणसे गेली. त्यात गाळ टाकणे 2016 मध्येच थांबले होते. वरून घट्ट दिसणाऱ्या बांधाच्या पोटातली ओल मात्र निघालेली नव्हती. पाणी मुरलेल्या गाळाचे कण एकमेकांना सोडतात, तेव्हा काही सेकंदांत सगळे पातळ होऊन धावू लागते.

गोव्यात प्रश्न मुख्यतः माती-मुरमाच्या डोंगरांचा. एक टन लोहखनिजामागे साधारण अडीच-तीन टन उपसा निघे, त्याचे ढीग खाणींशेजारी लागले. 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले. यंत्रे गेली, पाऊस कुठे जाणार? सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्लेच्या शेतकऱ्यांनी भातखाचरांत उतरलेला खाणीचा गाळ पाहिला आहे.

ढिगारा बंद करायचा म्हणजे आधी साचलेले पाणी काढायचे, माथ्यावरचे पाणी उतरवणाऱ्या जुन्या, निकामी नळ्या शोधून पक्क्या बुजवायच्या, उतार टप्प्याटप्प्याने सौम्य करायचा, पायथ्याला दगडांचा किंवा चिऱ्यांचा आधार द्यायचा, माथ्यावर चिकणमाती दाबून बसवायची आणि अतिवृष्टीच्या पाण्यासाठी सांडवा ठेवायचा. झाडे लावणे सर्वांत शेवटी. फोटो चांगला येतो म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच आधी उरकले जाते!

2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार खाण बंद करण्याच्या दोन वर्षे आधी अंतिम आराखडा द्यावा लागतो. पण ज्या ढिगाऱ्याला धनीच उरला नाही, त्याचा खर्च कोणी उचलायचा? सकाळचे सत्र त्यावरच आहे, आणि तिथे आवाज चढले तरी यजमानांची हरकत नाही.

दुपारच्या जेवणात नगरची शिपी आमटी आहे. तिखटाची सवय नसलेल्यांनी तूप मागून घ्यावे. वाढप्यांना तशी सूचना दिली आहे.