विच्छेदनावाचून शरीरशास्त्र



शरीराची रचना आणि कार्य विच्छेदनावाचून, घरच्या घरी शिकविता येईल काय, असे मला पूर्वी कोणी विचारले असते तर मी नकारार्थी मान हलविली असती. महाविद्यालयात मेणाच्या तबकात बेडूक टाचून आम्ही शिकलो. तेच खरे शिक्षण, अशी माझी समजूत होती. ती नववीतल्या एका मुलीने दुरुस्त केली.

ही मुलगी आमच्या शेजारची. घसा दुखण्याचे निमित्त झाले, मागून सांधे धरणारा ताप आला आणि त्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप दुखावली. कित्येक महिने शाळा बंद झाली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागे आणि त्यासाठी घरात रडारड होई. मी संध्याकाळी शिकवावयास जाऊ लागले, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी विचारले, "बाई, झडप म्हणजे नेमके काय हो?"

आम्ही ख्रिस्ती; आमच्या स्वयंपाकघरात मांस वर्ज्य नाही. बकऱ्याचे हृदय आणून चिरून दाखविणे मला कठीण नव्हते. परंतु त्या घरी ते चालण्यासारखे नव्हते. बेडकाचे म्हणावे, तर त्याच्या हृदयाला कप्पे तीन आणि आपल्या हृदयाला चार. शिवाय मेलेल्या हृदयाची झडप आपणहून मिटत नाही, आणि मुलीला पाहावयाची होती ती मिटणारी झडप.

तेव्हा मला विल्यम हार्वेची आठवण झाली. रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडणारा त्याचा ग्रंथ 1628 साली प्रसिद्ध झाला. हार्वेने प्राण्यांची चिरफाड पुष्कळ केली होती. तथापि ग्रंथात त्याने चित्रे छापली ती जिवंत माणसाच्या हाताची. तोच प्रयोग आम्ही मुलीच्या आजोबांच्या हातावर केला. दंडाला क्षणभर पट्टी बांधताच कोपराखालच्या निळ्या शिरा फुगल्या आणि त्यांवर मधूनमधून गाठी दिसू लागल्या. या गाठींच्या जागी झडपा असतात. एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तीतले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारावे. मधली शीर रिकामी राहते. वरचे रक्त खाली उतरत नाही. खालचे बोट उचलले की ती तत्काळ भरते. मुलगी म्हणाली, "म्हणजे हे एकाच बाजूला उघडणारे दार!" व्याख्या तिची तिनेच केली.

पुढे आम्ही जाड कागदाची नळी करून धाकट्या भावाच्या छातीला लावली. 1816 साली पॅरिसमध्ये लाएनेकने अशीच कागदाची गुंडाळी वापरली व तीतून स्टेथोस्कोप जन्मास आला. कानी येणारे दोन ठोके म्हणजे झडपा मिटल्याचे आवाज. मग हिशेब मांडला. प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे जाते आणि मिनिटाला सुमारे 72 ठोके पडतात. म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. झडप नीट मिटली नाही तर काही रक्त माघारी फिरते आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावे लागते, हे तिला न सांगता उमगले.

उद्याच्या शल्यविशारदाला विच्छेदन शिकावेच लागेल, याविषयी माझा वाद नाही. परंतु शाळकरी मुलाला आधी स्वतःच्या शरीराची ओळख हवी, आणि त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा ते मूल जन्मतःच बरोबर घेऊन येते.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी मुलगी रडली नाही, असे मी म्हणणार नाही. रडली, पण आपल्या पायांनी निघाली. जाताना भावाला समजावीत होती, "या औषधाने झडप दुरुस्त होत नाही रे. तो ताप पुन्हा येऊन ती आणखी बिघडू नये, म्हणून हे घ्यायचे."

परीक्षेत याहून चांगले उत्तर मी वाचलेले नाही.